अडत

सावद्याच्या बायपासला माझी चार रायपनिंग चेंबरं.
मे महिन्यात दोन नंबरचं रिकामं होतं.
लोटन आला फटफटीवर, मागे इरफान तडवी,
त्याच्या पाठीवर लांब काळी पेटी.
"काका, अकरा रात्री द्या. तुमच्या भिंती जाड आहेत."
मी भाडं सांगितलं. त्यानं निम्मं ठेवलं टेबलावर.

हा तोच.
सात वर्षांपूर्वी एकही वरात ह्याच्याशिवाय हलत नव्हती.
एका दमात एवढे शब्द की
ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.
मग धुळ्याच्या मैदानावर, चार हजार मोबाईलच्या उजेडात,
'क'वर अडकला.
क.
क.
लहानपणचं तोतरेपण, तालाखाली गाडलेलं, वर आलं.
पोरं हसली. कुणीतरी त्याची रिंगटोन केली.
नंतर हा पाईपच्या कंपनीत, रात्रपाळीला,
मशीनपुढे, जिथं बोलावं लागत नाही.

केळी चार दिवसांत पिवळी होते, भो.
माणसाला कुठला गॅस लावावा?

बाहेर चव्वेचाळीस, आत सोळा.
दोघं स्वेटर घालून. तिसरा सुकदेव,
फैजपूरच्या बँडपार्टीतला,
वरातीचा लाल कोट घालून ढोलांमागे बसलेला,
गरम कपडा म्हणून तेवढाच होता त्याच्याकडे.
इरफाननं तार छेडली
आणि रिकाम्या क्रेटा थरथरल्या.
भुसावळच्या यार्डात रात्री मालगाडीचे डबे
एकमेकांवर आदळून जोडले जातात, तसा आवाज.
मला नाही आवडला. खोटं कशाला सांगू.

चौथ्या रात्री लोटन पुन्हा तिथंच आला.
क.
कॉम्प्रेसर तेवढा घरघरत होता.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
इरफाननं तळवा तारांवर दाबला
ढग्.
क. ढग्. क. ढग्. ढग्.
सुकदेवचे दोन्ही पाय त्यात घुसले.
तो अडला तिथं हे अडले,
दारापाशी कुलूप हातात धरून मीही,
आणि मग एकदम सगळं सुटलं:
काय हासतस रे!
काय हासतस!

अकराव्या रात्री मी विचारलं, नाव काय ठेवलं?
"अडत."
अडत तर आमच्या धंद्यातली, मी म्हटलं, शेकडा इतकी.
तो हसला. "नही काका. हाई मनी."

त्यानंतरचा माल दोन नंबरमध्ये एकसारखा पिकला नाही.
बायको म्हणते त्या दणदणाटानं.
व्यापाऱ्यानं पैसे कापले, मी वाद घातला नाही.

राहिलेलं निम्मं भाडं श्रावणात आलं.
गाणी मी दिल्लीच्या गाडीत ऐकली, ड्रायव्हरशेजारी बसून.
त्याला मराठी येत नव्हतं, मान मात्र हलत होती.
तिसऱ्या गाण्यात सगळे थांबतात, श्वासभर.
त्याला वाटलं स्पीकर खराब आहे.
मी म्हटलं, थांब, ऐक.
तो माझा कॉम्प्रेसर आहे.