लोकल मूं?

म्हापशात मी पहिला शब्द शिकले तो हा.
कोंकणी नंतर आली, हळूहळू.
भेंडीच्या टोपलीवर वाकून
आर्मिंदाबाईनं विचारलं होतं,
'लोकल मूं?'
मला वाटलं, दर विचारतेय.
म्हटलं, सहा रुपये.

तसं फार चुकलं नव्हतं.
लोकल म्हटलं की सहाचे नऊ होतात
हे आठवड्यात कळलं.

लोकल म्हणजे आगशीची वांगी,
खोलची मिरची,
मुळांना माती धरलेली तांबडी भाजी,
किड्यानं आधी चाखून बघितलेली.
वाकडं, खुजं, महाग.
वाकड्याचं एवढं कौतुक
मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

आणि लोकल नव्हे ते
रात्री दोनला तिलारीचा घाट उतरून येतं
टेम्पोत, ताडपत्रीखाली,
सरळ, एकसारखं, स्वस्त.
माझी भेंडी तशी आली.
मीही त्याच टेम्पोतून आले चंदगडहून,
फ्लॉवरच्या पोत्यांवर बसून,
लग्नाच्या चौथ्या दिवशी.

रेवती सातवीत होती तेव्हा म्हणाली,
आई, विशेषण आहे ते.
नामाच्या आधी बसतं.
म्हटलं, बसू दे की.
सोपो भरतं का बसायचा?

ती आझिलोत जन्मली.
बोलते आर्मिंदाबाईसारखी, नाकातून,
पेजेबरोबर खारं मागते.
लोकल पोरांना नोकऱ्या द्या म्हणून
मोर्चा निघाला, तेव्हा
पुढच्या रांगेत फलक धरून होती.
मी कडेला लिंबं विकत होते.
तिनं पाहिलं मला.
मी हात केला नाही.
तिनंही.
रात्री दोघींनी एकाच ताटलीतलं सुकं खाल्लं
आणि गॅस संपत आलाय, यावर बोललो.

परवा बोटाला गाठ आली.
बांबोळीच्या डॉक्टरनं सुई उचलली,
म्हणाला, लोकल देतो.
मी विचारलं, महाग पडेल का?
पोरगा हसला. म्हणाला,
नाही हो मावशी, एवढीच जागा बधिर होते,
बाकी सगळं कळत राहतं तुम्हाला.
खरंच कळत होतं.
पंख्याची कुरकुर, शेजारच्या खाटेवरचं कण्हणं,
आणि कापताना
दुसऱ्या कुणाचं तरी बोट ओढावं
तसं माझं.

खोलीमागे वितभर जागा आहे,
घरमालक काही बोलत नाही.
तिथं तवशाचे चार वेल चढवलेत.
बी चंदगडचं, भावानं पुडीत बांधून दिलेलं.
माती इथली.
पाणी पालिकेचं, येतं तेव्हा.

पहिलं तवसं आज टोपलीत ठेवलं,
जरा वाकडंच आहे.
आर्मिंदाबाई आता काठी घेऊन येते.
तिनं ते उचललं, देठाकडून हुंगलं,
माझ्या बोटाची पट्टी बघितली,
पुन्हा हुंगलं.

'लोकल मूं?'

मी तराजूची दोरी सारखी करत राहिले.