चेंजओव्हर

परभणीत, स्टेशन रोडच्या दुकानात
काउंटरवरचं पोरगं विचारतं, "काका, लोड किती?"

चौतीस वर्षं हा प्रश्न मी विचारत आलो,
शिडी खांद्यावर, पक्कड मागच्या खिशात.
आज मलाच कुणी विचारला
आणि मी घड्या पडलेला कागद काढला.

अनुसयाचं ऑक्सिजनचं मशीन, साडेतीनशे वॅट.
सगळ्यात वर. खाली दोन रेघा.
फ्रिज. पंखे दोन. ओट्यावरचा बल्ब.
देवघरातली ट्यूब नको, तिथं समई आहे.
बोअरची मोटर लिहिली, खोडली, परत लिहिली.

पोरगं म्हणतं, मोटर सुरू होताना तिप्पट ओढते,
एकदा फिरली की मग गप चालते.
माहितीय, बाळा.
पहाटे खाटेवरून मोरीपर्यंत जाताना
तीही तिप्पट ओढते.
एकदा ओट्यापाशी पोचली
की चहा टाकते, आणि मला चार शब्द सुनावतेही.

पेट्रोलचा लहान आहे, दोरी ओढायचा.
माझा खांदा उरला नाही दोरीचा.
डिझेलचा आहे, बटणावर सुरू होणारा,
सायलेंट म्हणतात, तरी घुमतोच.
इन्व्हर्टर आहे घरी, पण तो दोन तासांचा सोबती.
गेल्या वादळात डीपी जळाली तेव्हा
मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत
अकरा तास काढले.

जिंतूरला गल्लीत हसतील, ते धरूनच आलोय.
"बोर्डाच्या माणसाचाच बोर्डावर भरवसा न्हाय बगा."
हसू द्या.

मग पोरगं चहा पुढे करत म्हणतं,
"चेंजओव्हर कशाला, काका, फुकटचे चार हजार!
एक वायर देतो, दोन्हीकडं पिना.
सॉकेटात खुपसा, आख्खं घर पेटतं."

मी कप खाली ठेवला.

येलदरी रोडचा खांब.
एबी स्विच पाडलेला, परमिट हातात,
लाईन मेलेली, म्हणूनच लिंबाजी चढला.
तिकडं मंगल कार्यालयात वरात दारात, आणि लाईट नाही.
कुणीतरी अशीच वायर, अशाच पिना.
करंट उलट्या पावली निघाला, डीपीत शिरला,
दोनशे तीसचा अकरा हजार झाला
आणि मेलेल्या तारेत जीव आला.

लिंबाजी पडला नाही. पट्ट्याला तसाच राहिला.
उतरवायला मी चढलो.
वरून कार्यालय दिसत होतं,
मंगलाष्टकं सुरू झाली होती,
लख्ख उजेडात.

हे मी पोराला सांगितलं नाही.
म्हणालो, "बिलात आधी चेंजओव्हर लिही.
मग मशीन."
आणि बोअरची मोटर शेवटची खोडली.
टाकी भरून ठेवू.

बसवला तो मागच्या अंगणात,
धुराचं तोंड शेवग्याकडे,
तिच्या खिडकीकडे पाठ.
शेवगा काही बोलला नाही.

परवा रात्री अवकाळी आलं, पत्रे वाजले, लाईट गेली.
मी हँडल खाली ओढलं. खट्.
बटण दाबलं. आत तिचं मशीन
पुन्हा श्वास मोजायला लागलं.

मग सबस्टेशनला फोन लावला, नंबर अजून पाठ आहे.
नवीन वायरमन, मुंजाजी, निघायच्याच बेतात.
"माझ्याकडं जनरेटर चालू हाय.
माझ्याकडून वर काई येणार न्हाय.
बाकीच्यांचं मी सांगू शकत न्हाय,
अर्थिंग टाकल्याबिगर चढू नको."
"व्हय काका," म्हणाला, घाईत.

"एवढ्या रात्री कुणाला फोन?" अनुसयानं विचारलं.
"लिंबाजीला," माझ्या तोंडून गेलं.

तिनं दुरुस्त केलं नाही.
थोड्या वेळानं म्हणाली,
"डिझेल किती तास पुरतं?"
"सहा. एकच पंखा ठेवला तर जरा जास्त."

तिनं नळी सांभाळत हात लांबवला
आणि स्वतःच्या डोक्यावरचा बंद केला.