साडेसातची प्रार्थना

आमच्या घरी साडेसातला प्रार्थना असते
आणि साडेसातलाच मालिका.
ह्या भांडणाचा निकाल आईनं कधीच लावलाय:
टीव्ही बंद करायचा नाही,
फक्त त्याचा आवाज काढून घ्यायचा.

मग आम्ही डोळे मिटतो.
म्हणजे आई मिटते, विनयदादा मिटतो,
मी एक उघडा ठेवते.
पापणीच्या फटीतून निळा उजेड,
कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारतं,
तीनदा, तीन बाजूंनी,
आणि आई म्हणते, हे दयाळू देवबापा.

आईची यादी लांब असते.
शीलवंतमामांचं डायलिसिस. रूथची बारावी.
चादरीच्या कारखान्यानं घरी बसवलेले शेजारचे यल्लप्पा,
"ते तुला ओळखत नाहीत, पण तू त्यांना ओळखतोस."
पाणी. आज पाचवा दिवस, टाकीचा तळ दिसतोय,
रात्री दोनला आलं तरी चालेल, पण येऊ दे.
आणि एका संध्याकाळी, त्याच दमात,
"त्या केतकीला बळ दे, बापा,
सासूनं तिची फसवून सही घेतली आहे."

आमेन, आम्ही म्हणालो.
भाकरी मोडताना दादाच्या लक्षात आलं,
केतकी नावाचं आमच्या मंडळीत कुणीच नाही.
हसता हसता शेंगाचटणी त्याच्या नाकात गेली.
आई म्हणाली, पाणी पी.
जपून पी.

पप्पा नव्या पेठेजवळच्या एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते.
सहा दिवस टॉर्च मारून
उशिरा आलेल्यांना खुर्ची दाखवायची,
रविवारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात
मखमली दानपिशवी घेऊन बाकाबाकाशी जायचं.
चालणं दोन्हीकडे एकच,
थोडं वाकून, कुणाच्या गुडघ्याला धक्का न लावता.
जुने पाळक एकदा म्हणाले,
सिनेमा हे पापाचं दार आहे, शमुवेल.
पप्पा म्हणाले, हो साहेब,
ते दार मीच धरतो. बाहेर ऊन फार असतं.

टॉकीजला आता पत्रे ठोकलेत.
टॉर्च आमच्या फ्रीजवर आहे,
सेल गळून आतून हिरवा पडलेला.

आणि मी शेवटच्या बाकावर,
ओढणीआड मोबाईल, आवाज बंद.
उपदेश लांबला की अंगठा आपोआप वर सरकतो:
कुणी नाचतं, कुणी मांडे भाजतं,
एक बाई हसते,
आणि मागून कुणीतरी हाक मारली असावी,
कारण हसू संपायच्या आत ती वळते, चेहरा उतरतो.
मग तीच पुन्हा पहिल्यापासून हसते.
मी ते अकरा वेळा पाहिलं.
उपदेश कशावर होता, विचारू नका.

मार्चमध्ये मालिका बंद पडली. अशीच, मधेच.
केतकी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी होती,
दुसऱ्या दिवशी त्या वेळेला गाण्यांची स्पर्धा.
आई तरीही म्हणाली, केतकी.
एप्रिलमध्ये म्हणाली. मग सोलापूरचा मे,
पंखा गरम हवा नुसती ढवळतोय,
आणि यल्लप्पांच्या नंतर, पाण्याच्या आधी, केतकी.
मी म्हटलं, आई, संपलं ते.
ती नटी आता साबणाच्या जाहिरातीत असते.
"नटीचं बरं चाललंय," आई म्हणाली,
"ही पायऱ्यांवरच आहे ना अजून."

काल रात्री दोनला नळ आला.
हंडे, पाइप, गल्लीभर मोटारींची घरघर,
आणि वीज गेली.
सगळ्यांचा आवाज कुणीतरी काढून घेतल्यासारखा.
मी मोबाईलचा उजेड धरला,
थोडं वाकून, आईच्या बादलीवर.
धार बारीक झाली होती, वेळ लागणार होता.
म्हणून मामा, म्हणून रूथ,
आणि मग ती हसणारी बाई,
नाव मला माहीत नाही, देवा,
हाक कुणाची होती तेही.
ती वळली तिकडे काय होतं ते

"कुठं बघतेस?" आई म्हणाली,
"उजेड नीट धर. बाहेर सांडतंय."