मोजणी

साखर पेठ. दारावर लाल रंगानं
मी लिहिलं: आर-एक्केचाळीस.
लचमक्का म्हणाली, खाली लिही की जरा,
वर तोरण येतंय.
पुसून खाली लिहिलं.

टेपचं टोक तिच्या नातवानं, भार्गवनं धरलं.
अकरा बाय नऊ. मोरी. पोटमाळा.
आणि भिंतीलगत जमिनीत हा खड्डा,
पावलं घासून तळ गुळगुळीत.

"माग होता," विडीला दोरा बांधत ती बोलली.
"मिलचा भोंगा व्हायच्या आत मामा खाली उतरायचे,
वर यायचे ते जेवायला.
आता घागरी ठेवते.
पाणी पाच दिवसांनी येतंय."

फॉर्मवर रकाना: खोली.
मी लिहिलं, एक.
मग टेप खड्ड्यात सोडली.
खोली, अडीच फूट.
रकाना तोच, दोन्ही मावेनात.
साहेबांना फोन लावला.
"अरे, खड्डा कशाला मोजतोस? पुढचं दार घे."

"आमाला कितवा मजला?"
सातवा, अक्का. लिफ्ट आहे.
सूप मांडीवरून उतरवून
ती बराच वेळ हसत राहिली.
"सातव्यावर माग मांडला,
तर पाय कुनाच्या घरात सोडायचे रे?"

भार्गवनं टोक सोडलं.
टेप सर्रकन माझ्या मुठीत आली,
बोटाला लागली.