तांबड्या शाईत

सतरा सप्टेंबरला गुरुजी दरवर्षी मला बोलावतात.
झेंड्याच्या उजव्या हाताला प्लास्टिकची खुर्ची,
गळ्यात झेंडूचा हार, त्यात एखादी मुंगी असतेच.
माईकवर म्हणतात: शूर जवान, चाकूरचे भूषण,
नाईक मन्मथ बिडवे.
सतरा वर्षं नोकरी, आणि शेवटपर्यंत नाईक.
हे गुरुजींना कधी खटकलं नाही.

"आजोबा, तुम्ही किती दुश्मन मारले?"
पहिल्या रांगेतली पोरगी. एक वेणी सुटलेली.

मी पाणी पितो.
माझ्या डोळ्यापुढं दुश्मन येत नाही,
लातूर रोडचं फलाट येतं.

पौष होता. सुट्टी संपलेली.
काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, युनिट,
आत आईच्या धपाट्यांचा वास.
रुळापलीकडच्या रानात कुणीतरी आगटी पेटवली,
गोवऱ्यांच्या आरात कणसं सरकवली,
आणि वारा नेमका माझ्याकडं.
"ओ मिल्ट्री! या की! गाडी कुठं येऊलालीय एवढ्यात!"

गाडी आली.
माझ्या तळहातावर गरम हुरडा होता,
बोटाला जवसाची चटणी.
ती एक मिनिट थांबली.
ते मिनिट मी सगळंच्या सगळं ऐकलं.
मग शेवटच्या डब्यावरची फुली
बारीक बारीक होत गेली.

अकरा दिवस.
त्यातले दहा भ्यालेले.
हुरडा फक्त पहिल्या दिवशी गोड लागला.

टोपी काढ. पट्टा काढ.
तेज चल. थम.
टेबलापलीकडं कर्नलसाहेब, त्यांचा चष्मा, माझा कागद.
"ग्यारह दिन. कारण?"
वडलांना साप चावला, साहेब.
वडील त्या घटकेला पारावर तिरट खेळत असतील.

अठ्ठावीस दिवस क्वार्टर गार्ड.

बुटाच्या नाड्यासुद्धा काढून घेतात.
बूट पायात राहावा म्हणून
बोटं आवळून चालायची सवय लागली.
अजून चपलेतही आवळतो.

पहाटे पिठ्ठू. पाठीवर रेती, मैदानाला फेऱ्या,
मोठ्यानं मोजायच्या.
दुपारी दगडांना चुना.
पांढरे झालेले दगड दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरे.
रात्री दारावर संगीन लावून सेल्वराज,
ज्याच्या मगातून मी दोन हिवाळे चहा प्यालो.
माझ्याकडं बघायचा नाही. हुकूम होता.
फक्त विसाव्या रात्री गजातून एक विडी आत आली,
पेटवलेली,
आणि त्याची पाठ तशीच ताठ, तोंड डोंगराकडं.
तोही गुन्हाच.
त्याची नोंद कुठं नाही.
माझी आहे, तांबड्या शाईत,
पेन्शनच्या कागदापर्यंत सोबत आली.

सुटलो त्या दिवशी साहेबांनी विचारलं,
"पिताजी अब ठीक हैं?"
त्यांच्या डोळ्यातलं मला वाचता आलं नाही.
जी साहब, म्हणालो. जहर उतर गया.

वडील गेले ते खूप पुढं, झोपेत.
तरी मातीच्या वेळी
मी त्यांचा घोटा बघितला,
दोन टिपके शोधल्यासारखा.

पोरगी उभीच आहे.
"लई थंडी असती माय तिकडं," मी म्हणतो.
टाळ्या.

जिलबीचा पुडा घेऊन निघालो
तर ऑफिसच्या भिंतीपाशी एक पोरगा,
अंगठे धरून. झेंड्याला उशिरा आलेला.
"काऊन उशीर झाला रे?"
"आजी आजारी हाय."
खिशात वाळूक होतं. वास लपत नव्हता.

मी चौकडं बघितलं.
गुरुजी माईकची वायर गुंडाळत होते.
वाकलो त्याच्या कानाशी:
"गुडघे जरा सैल सोड.
तिकडून दिसत नाही कुणाला."