नाका

विल्होळीच्या नाक्यावर अप्पांनी एकवीस वर्षं
ट्रकांच्या ताडपत्रीवर हात ठेवला.
हात ठेवला की कळायचं, म्हणतात,
कांदा ऊब धरतो, द्राक्षाची पेटी गप्प असते,
भंगार आतल्या आत कुरकुरतं,
आणि ड्रायव्हर 'काय नाय साहेब' म्हणाला
की काहीतरी असतंच.

मग जकात गेली. आडवा बांबूही गेला.
शहर नेमकं कुठून सुरू होतं
हे विचारायला जागा उरली नाही.

आज त्यांना पिंपळगावला आत्याकडे सोडतेय.
मोतीबिंदूचं ऑपरेशन, एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्यानं तसंही फारसं दिसत नाही.
पाथर्डी फाट्याला गाडी पुलावर चढली
आणि नाशिक खाली राहिलं:
मुंबई नाका नुसता पाटीपुरता,
द्वारकेचे हॉर्न काचेपर्यंत येऊन परतले.
"गोदावरी आली की सांग."
मी एका टँकरला ओव्हरटेक करत होते.
"गेली, अप्पा."
दोन रुपयांचं नाणं
त्यांच्या डाव्या मुठीतच राहिलं.

पिंपळगावचा टोल. रांग.
काचेवरच्या पट्टीचे पैसे आपोआप कापले जाणार,
पुढचा दांडा आपोआप वर जाणार.
"कुणी काही विचारत नाही?"
"नाही."
"गाडीत काय आहे, तेही नाही?"

शेजारच्या रांगेत एक आयशर खोळंबलेला.
अप्पांनी काच खाली केली,
उजवा हात बाहेर काढला,
ताडपत्रीवर ठेवला, जरा वेळ.

"टोमॅटो," म्हणाले. "कच्चे. लांब जायचेत."
आणि मग मला, जुन्या आवाजात:
"लिहून घे."