विकृती शंभरपट

दारव्ह्याच्या तंत्रनिकेतनात संगणक अकरा,
चालतात सात.
सातव्यावर करिश्मा टेकाम
ट्रॉलीचा हूक काढून बसलेली.
पुस्तकातली तुळई सोडून हे काय, विचारलं
तर म्हणाली, सर, हा तुटला होता. खराच.
सरकीची पोती भरून, लाडखेडच्या चढावर.

आधी हूक करडा, मुका.
मग तिनं जाळी टाकली
आणि लोखंडाचे त्रिकोणच त्रिकोण झाले.
एक टोक पक्कं धरा, म्हणतं सॉफ्टवेअर,
नाहीतर उत्तर निघत नाही,
वस्तू नुसती वाहवत जाते.
तिनं धरलं. दुसऱ्या टोकाला
अठरा हजार न्यूटनांची ओढ लावली.

निळा, हिरवा, पिवळा,
आणि आतल्या कोपऱ्यात
नखाएवढा लाल.

जाळी बारीक केली, आकडा वाढला.
अजून बारीक केली,
अजून वाढला.
सर, हा थांबत काहून नाही?

मला उत्तर येत होतं.
खडू उचलला, तेवढ्यात लाइट गेली.
फाईल सेव्ह नव्हती.
फोटो मात्र होता, तिच्या मोबाइलमध्ये.

तो तिनं रात्री भात्यापाशी बापाला दाखवला.
पुनाजी टेकाम म्हणाले, हे तं तापलं हाये.
तापलं नाही बाबा, तिथं ताण हाये.
मंग उलटं शिकवलं तुह्या मशीनले.
लाल लोखंड आयकते, वाकते.
निळ्यावर घन मारला तं तडकते.

मग बाकाखालून तुटका हूक ओढला,
अंगठा फिरवत नेला,
फिरवत नेला,
आणि थांबले.
इथंच ना?
रंगावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

सोमवारी तिनं कोपरा गोल केला,
बापाच्या अर्धगोल कानशीएवढा.
जाळी बारीक केली.
आकडा थोडा हलला,
बसला.

पडद्यावर हूक रबरासारखा वाकलेला,
खाली बारीक अक्षरांत:
विकृती शंभरपट वाढवून दाखवली आहे.
ती वाचून गप्प झाली जराशी.
म्हणजे सर, खरा हूक
एवढं काहीच दाखवत नाही?

नाही, म्हटलं. केसाएवढंही नाही.

दहापैकी आठ दिले.
आकड्यापुढं एकक लिहायचं राहिलं होतं.